तीन चौकटींत मावणारी खार

खार पळते कशी, हे कधी नीट पाहिलंय? ‘सुर्रकन पळाली’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मराठवाड्यातल्या लोहाऱ्याच्या कुठल्याही अंगणात, कंपाउंडच्या भिंतीवरून निघालेल्या खारीवर मिनिटभर डोळा ठेवून बघा. ती सलग पळतच नाही. थांबते. अशी थांबते की शेपटीचा केसही हलत नाही. मग एकदम दोन हात पुढे. पुन्हा थांबली. पुन्हा दोन हात. मधलं पळणं इतक्या झपाट्यात उरकतं की आपल्याला दिसते ती इथली खार आणि मग तिथली खार. मधली खार हाती लागतच नाही.

आता कोरा कागद घ्या आणि त्यावर शेजारीशेजारी तीन चौकटी आखा. पहिलीत इथली खार, दुसरीत तिथली, तिसरीत आणखी पुढची. काय झालं? चित्रपट्टी झाली! जी गोष्ट चित्रकाराला डोकं खाजवून करावी लागते, म्हणजे सलग घडणाऱ्या प्रसंगातून नेमके दोन-तीन क्षण उचलायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, ती गोष्ट ही वीतभर जीव दिवसभर भिंतीवर करत असते. खार चौकटीचौकटींनी चालते. विनोदी चित्रपट्टी काढायची हौस असणाऱ्याला याहून तयार नायिका कुठे मिळणार?

ती थांबते का? त्यात भीती आहे आणि पक्का हिशेबही आहे. पळताना अंग हलतं, समोरचं जग हलतं, पायांचा आवाज होतो. अशा वेळी झाडात दडलेला शिक्रा दिसायचा कसा आणि मांजराची चाहूल लागायची कशी? म्हणून थोडं पळायचं, थांबून आजूबाजूचा अंदाज घ्यायचा, मग पुन्हा पळायचं. शिवाय शिकारी डोळा हालचाल टिपण्यात पटाईत असतो, म्हणून निश्चल खार मातकट भिंतीवर विरून जाते. आणि तेवढ्यात दमलेल्या स्नायूंनाही उसंत मिळते. एका थांब्यात तीन कामं! माळावरची टिटवीसुद्धा अशीच थांबतथांबत चालते, पालही चालते. पण झुपकेदार शेपूट मात्र खारीलाच, आणि विनोदाच्या कामी ती शेपूट किती येते ते पुढे बघूच.

आधी त्या दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीपाशी थांबू या. बोटभरसुद्धा रुंद नसते ती. तिथे काही काढलेलं नसतं. तरी सगळी जादू तिथेच घडते. पहिल्या चौकटीत खार भिंतीवर आणि शेंग जमिनीवर. दुसऱ्या चौकटीत खार भिंतीवर आणि शेंग तिच्या हातात. ती खाली केव्हा उतरली? वर केव्हा आली? चित्रकारानं तर काढलं नाही. तुम्ही काढलंत, मनातल्या मनात, क्षणार्धात आणि न सांगता! स्कॉट मॅक्‌क्लाउड या अमेरिकन चित्रकारानं १९९३ मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ नावाचं पुस्तक काढलं. कॉमिक्सवरचं हे पुस्तक स्वतःही कॉमिक्सच आहे. त्यात त्यानं हीच गोष्ट मांडली: चौकटींमधल्या फटीत वाचक चित्रकाराचा भागीदार होतो.

पण वाचकाला हे जमतं कसं? पाच-सहा वर्षांचं पोरही चित्रपट्टी वाचतं आणि खुदकन हसतं. त्याला फटीतलं वाचायला कुणी शिकवलं?

आरशासमोर उभे राहा. स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला दिसले? नाही दिसणार. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते इकडून तिकडे सरकताना स्पष्ट दिसतील, पण तुम्हाला ते कायम स्थिरच दिसतात. कारण आपला डोळाही सलग फिरत नाही. तो एका जागी टेकतो, उडी मारतो, दुसऱ्या जागी टेकतो. सेकंदाला साधारण तीन वेळा हे चालू असतं. उडी चालू असते तेवढ्या निमिषापुरता मेंदू डोळ्याकडून येणारा धूसर मजकूर दाबून टाकतो. या ओळी वाचतानाही तुमचा डोळा ओळीवरून घसरत चाललेला नाही, उड्या मारत चालला आहे. पॅरिसमध्ये लुई एमील जावाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत १८७० च्या दशकाच्या अखेरीस वाचणाऱ्या डोळ्याची ही उडी पहिल्यांदा ध्यानात आली. म्हणजे दिवसभर आपल्याला मिळतात त्या तुटक चौकटी. जुन्या धडुत्यांचे तुकडे जोडून आजी वाकळ शिवते, तसं मेंदू या तुकड्यांचं एक अखंड जग शिवून देतो, आणि शिवण कुठे आहे ते आपल्याला आयुष्यभर कळत नाही.

लक्षात येतंय का काय जुळून आलं? खार थांबतथांबत चालते. डोळा थांबतथांबत पाहतो. चित्रपट्टी थांबतथांबत सांगते. तिघांचीही चाल एकच! चित्रपट्टी वाचणं आपल्याला परकं वाटत नाही, कारण जन्मल्यापासून आपण दुसरं काही करतच नाही.

या शिवणकामाची नोंद घेण्याचा प्रयत्नही झाला आहे. संशोधक नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या डोक्याला तारा लावायच्या आणि त्यांना ‘पीनट्स’ या जगप्रसिद्ध मालिकेतल्या चित्रपट्ट्या एकेक चौकट करून दाखवायच्या. काही पट्ट्या सरळ क्रमाने, काहींच्या चौकटी उलटसुलट पिसून. चौकटी सरळ आल्या की प्रत्येक पुढच्या चौकटीगणिक मेंदूचं काम हलकं होत गेलं. पिसलेल्या चौकटींत हा हलकेपणा आला नाही. म्हणजे पहिली चौकट पाहताक्षणीच मेंदू दुसरीची वाट बघत बसतो. आणि विनोद म्हणजे तरी काय? ही वाट बघायला लावायची, आणि तिसऱ्या चौकटीत भलत्याच दारातून आत यायचं.

ही वाट बघण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात वेस्सन्तर जातक रंगवलं आहे, पाचव्या शतकात. त्यात राजपुत्र वेस्सन्तर एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा दिसतो, चौकटीची रेघ न आखता. पुढे पैठणची चित्रकथी आली, आणि सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं ती आजवर जपली. एका पोथीतली रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून प्रेक्षकांपुढे धरायची आणि दोन चित्रांच्या मधली गोष्ट गाऊन सांगायची. त्या फटीत गायक उभा असतो! पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ही परंपरा सांभाळल्याबद्दल. चित्रपट्टीत तो गायक उठून गेला आणि त्याची जागा वाचकाला मिळाली, एवढाच काय तो फरक.

छापील चित्रपट्टीचा जन्म मात्र एका शाळामास्तराच्या हातून झाला, असं मानतात. रोडोल्फ त्योपफर, गाव जिनेव्हा. त्याला चित्रकार व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या दुखण्यानं ते राहिलं. १८२७ च्या सुमारास तो विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चौकटीचौकटींच्या गमतीदार गोष्टी काढू लागला. त्या जर्मन महाकवी गटेच्या हाती पडल्या, गटे खूश झाला, आणि मग १८३३ पासून त्या छापून येऊ लागल्या. डोळ्यांनी दगा दिलेल्या माणसानं जगाला बघण्याची नवी रीत दिली, हे मला फार विलक्षण वाटतं.

पुढे वर्तमानपत्रानं चित्रपट्टीला रोजचा रतीब लावला. ‘पीनट्स’च्या चार्ल्स शुल्झनं १९५० ते २००० या काळात १७,८९७ पट्ट्या काढल्या, सगळ्या स्वतःच्या हातानं. मराठीत १९९१ च्या नोव्हेंबरात चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ‘सकाळ’मध्ये आला, आणि मोठी माणसंसुद्धा तो वाचू लागली. चिंटूत काय घडायचं? गृहपाठ, क्रिकेट, आईची बोलणी, जोशीकाकूंच्या झाडाच्या कैऱ्या. घरात रोज घडतं तेच. नेमका तोच धडा खारीच्या पट्टीला लागू आहे: नवलाच्या शोधात जंगलात जायचं काम नाही. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, देखणंही आहे, पण त्याला बघायला भीमाशंकरसारखं जंगल गाठावं लागतं. अंगणातली खार मात्र वाचकानं सकाळीच पाहिलेली असते.

तर पेन्सिल उचला. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल; इथे तीच तालीम कामाला येते. खार थांबली की चार रेघा ओढायच्या, ती पळाली की वहीचं पान उलटायचं. पुन्हा थांबली, पुन्हा चार रेघा. अर्ध्या तासात वहीत चौकटींचा ढीग जमतो, आणि मधली पळापळ आपोआप गळून पडलेली असते.

चारच रेघा कशा पुरतात? पाठीवरच्या पट्ट्यांमुळे! महाराष्ट्रात दोन जातींच्या खारी सर्रास दिसतात: एकीच्या पाठीवर तीन फिके पट्टे, दुसरीच्या पाठीवर पाच. तुमच्या दारातली कुठली, ते मोजून बघा. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामानं बोटं फिरवली, ही लोककथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. चित्रकाराला त्या बोटांचा दुहेरी फायदा. एक तर तीन रेघा दिसल्या की ही उंदीर नव्हे, खार आहे हे लगेच कळतं. दुसरं, पाठ वाकली की रेघा वाकतात, खार ताठ झाली की रेघा ताठ होतात. अंगाची सगळी ठेवण तीन रेघांत. आफ्रिकेतल्या पट्टेदार उंदरांवर आणि अमेरिकेतल्या चिपमंक या खारीच्या पट्टेदार चुलतभावांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये अशा पट्ट्यांमागचं एक कारण सापडलं. ‘एएलएक्स-३’ नावाचं जनुक फिक्या पट्ट्यात रंगपेशींना पिकूच देत नाही. म्हणजे निसर्ग पांढरा रंग लावत नाही, तेवढी जागा कोरी सोडतो, अगदी जलरंगानं चित्र काढणाऱ्या माणसाची युक्ती!

चेहऱ्याचं काय? खारीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान फारशी न वळवता तिला पुढचं, वरचं आणि बरंचसं मागचंही दिसतं. पण तिच्या तोंडावर आपल्यासारखं हसू-रडू उमटत नाही. इथे पुन्हा त्योपफर मदतीला येतो. १८४५ च्या एका निबंधात त्यानं सांगून ठेवलं की कितीही वेडंवाकडं तोंड काढा, त्यावर कुठला तरी भाव असतोच. आपलं मन तो वाचल्याशिवाय राहत नाही. एक ठिपका, त्यावर तिरपी रेघ: रागावली. रेघ उलटी तिरपी: बावरली. करून बघा, आणि मग त्या ठिपक्याकडे ‘नुसता ठिपका’ म्हणून बघून दाखवा!

बाकीचा अभिनय शेपटीचा. धोका दिसला की खार चिक् चिक् चिक् करत सुटते, आणि प्रत्येक ‘चिक्’बरोबर शेपटीला झटका. आवाज आणि झटका एकाच ठेक्यात. कागदावर हा ठेका दाखवायला शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोनदोन छोट्या कमानी काढल्या की झालं. शेपूट खरोखर बोलते का? कॅलिफोर्नियातल्या जमिनीवर राहणाऱ्या खारीची हकिगत ऐका. रॅटलस्नेक नावाच्या विषारी सापाला उष्णता ‘दिसते’. तो समोर आला की ही खार शेपटीत रक्त सोडून ती गरम करते आणि हलवते. सापाला समोर तापलेली मोठी शेपूट दिसते आणि तो जपून वागू लागतो. ज्या सापाला उष्णता दिसत नाही, त्याच्यापुढे ती शेपूट नुसती हलवते, तापवत नाही! २००७ मध्ये ही गोष्ट उजेडात आली. समोरचा कोण आहे ते पाहून भाषा बदलणारी शेपूट! विनोदी लेखकाला याहून चांगला गुरू कोण?

खारींच्या खऱ्या वागण्यातच असा विनोद ठासून भरलेला आहे. झाडावरून उतरताना त्या डोकं खाली करून उतरतात, कारण मागची पावलं घोट्यातून चक्क मागे वळतात आणि नखं वरच्या सालीत रुततात. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं ही खोडी नाही, गरज आहे. अमेरिकेतली करडी खार कुणी बघतंय असं वाटलं की खड्डा खणते, बी पुरल्याचा साळसूद आव आणते, माती लोटते, आणि बी तोंडातच ठेवून भलतीकडे निघून जाते. बर्कली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तिकडच्याच दुसऱ्या जातीच्या खारींना लवलवत्या दांडीवरून उड्या मारायला लावल्या. उडीचं अंतर किती, यापेक्षा दांडी किती वाकते याकडे त्यांचं लक्ष सहापट जास्त होतं. उडी चुकतेय असं वाटलं की त्या हवेतच अंग वळवून बाजूच्या भिंतीला पाय लावत आणि तिथून पुढे झेपावत. एकही खार पडली नाही.

पण करड्या खारीचा खोटा खड्डा लोहाऱ्याच्या खारीच्या पदरात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या खारीचं आपलं पुष्कळ आहे. गादी फोडून पळवलेला कापूस, काथ्या, दोरे, चिंध्या यांचं तिचं गबाळं घरटं, तेही झरोक्यात किंवा मीटरच्या पेटीमागे. मे महिन्याच्या दुपारी गार जागा शोधून पोट टेकून, चारी पाय फाकवून पडणं. हे तिचं स्वतःचं आहे, आणि वाचकानं ते पाहिलेलं आहे. वाचकाच्या तोंडून ‘अगदी अशीच!’ निघालं की त्यापाठोपाठ हसू येतंच.

मागची पार्श्वभूमीही खरी हवी. या भागात पूर्वी माळवदाची घरं होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लोहारा तालुक्यातलं सास्तूरही हादरलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या छताच्या ओझ्यानं घात केला. आता शेंगा वाळतात त्या स्लॅबवर. म्हणून खारीची पट्टीही स्लॅबवरच घडू द्या.

नायिकेचं नाव ठेवू शेंगी. पहिली चौकट: आजीनं स्लॅबवर भुईमुगाच्या शेंगा पसरल्या आहेत, हातात काठी घेऊन ती राखणीला बसली आहे, आणि कठड्यावर शेंगी पुतळ्यागत उभी. दुसरी चौकट: आजीची मान खाली, डुलकी लागली आहे. शेंगी कठड्यावर, तशीच उभी. तिसरी चौकट: शेंगांच्या जागी टरफलांचा ढीग. शेंगी कठड्यावर तश्शीच उभी, फक्त पोट गरगरीत. आजी डोळे चोळत शेजारणीला सांगते आहे, “लई गुणाची हाय बघ. सकाळधरनं जागची हालली न्हाई.”

तिन्ही चौकटींत खार एकाच जागी आहे. एकही वेगरेषा नाही, धावपळ नाही. तरी तुम्ही तिला खाली उतरताना पाहिलंत, शेंगा फोडताना पाहिलंत, धांदलीनं पुन्हा कठड्यावर चढून साळसूद उभी राहताना पाहिलंत. सांगा, कुठल्या चौकटीत?

फुग्यातले शब्द मोजकेच ठेवावेत. शि. द. फडणीसांनी एकही शब्द न वापरता ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर पिढ्यान्‌पिढ्या हसवलं. ‘आइस एज’ चित्रपटांतला खारीसारखा स्क्रॅट २००२ पासून एका फळामागे धावत राहिला, तोंडातून एक वाक्यही न काढता. आणि जे काही बोलायचं ते इथल्या बोलीत, ‘हाय’ आणि ‘न्हाई’सकट. स्लॅबवर राहणारी खार पुस्तकी मराठी बोलू लागली की तिची शेपूटच कापल्यासारखी दिसते.

आता एक खरी गोष्ट, आणि तिच्यावरची पट्टी. आपल्या देशातल्या पाच पट्ट्यांच्या खारी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडल्या आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्यांचे वंशज त्या शहरात नांदताहेत. इथल्या भाऊबंदांना हे कळलं तर?

पहिली चौकट. मे महिना, कडुनिंबाची सावली. शेंगी चारी पाय फाकवून पडलेली. फांदीवरचा पोपट सांगतोय, “तुझी भावकी पर्थला ऱ्हाती म्हणं. तिकडं सगळं उलटं. आपल्याकडं ऊन, तवा तिकडं गारवा.”

दुसरी चौकट. तेच झाड, तीच सावली. शेंगी जागेवर नाही. पोपट एकटाच.

तिसरी चौकट. बसस्थानक. चौकशीच्या खिडकीच्या कठड्यावर दोन पायांवर उभी, काखेत कापसाचं गाठोडं.

“साहेब, पर्थची गाडी कोणत्या फलाटाला लागती?”